लाल फितीचा हंगाम

एप्रिलमधल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खोडाला लाल फीत बांधली गेली. फीत बांधलेल्या वेली आठ दिवसांत गुडघ्याच्या उंचीवर कापायच्या आणि त्यांच्यावर दुसऱ्या जातीचे कलम करायचे, असे ठरले होते. मुळे माझीच राहणार होती. फळ मात्र परके येणार होते.

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. चौदाव्या ओळीत, विहिरीकडून तिसरी. एकेचाळीस वर्षांपूर्वी या बागेच्या मालकांनी, काकांनी, मला इथे लावले. माझी द्राक्षे खायची नव्हेत, वाइनची: बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. माझी जात लवकर पिकणारी. आमच्या थंड मुलखात उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो; तेव्हा या उतारावर तो छोटा असे, म्हणून माझे कौतुक होई. फळ पिकू लागले की काका मावळतीकडची पाने हाताने खुडत. "फळाला ऊन दाखवा," हे त्यांचे वाक्य साऱ्या मजुरांना पाठ होते. दुपारचे ते ऊन अंगावर घेऊन मी गोड होत असे.

तोडणीचा पहिला दिवस काका खोपटाच्या दारावर खिळ्याने कोरतात. सुरुवातीच्या तारखा ऑक्टोबरच्या आहेत. मग सप्टेंबरच्या. गेल्या वर्षीची ऑगस्टच्या अखेरची आहे.

त्याचे कारण मला अंगावर कळते. हिवाळा लवकर सरतो, मी लवकर फुटते. पाऊस कमी पडतो, आणि भर उन्हाळ्यात दुपारी मला पानांची छिद्रे मिटून घ्यावी लागतात. साखर झपाट्याने चढते, वाइनला हवा असलेला आंबटपणा उतरतो, पण बिया हिरव्या, कच्च्याच राहतात. मण्यांवर तपकिरी चट्टे पडतात. पलीकडच्या उताराची उशिरा पिकणारी जात तेव्हा कुठे रंग धरत असते. तिची पिकण्याची वेळ थंडाव्यात येते, म्हणून तिचा आंबटपणा टिकतो. तिचेच कलम माझ्यावर व्हायचे होते, तरी तिचा मला राग नाही. तिच्या आणि माझ्या वेळेत फरक आहे, इतकेच.

बाग आता काकांची पुतणी पाहते. गेल्या वर्षीच्या तोडणीला तिने माझा एक मणी चावला आणि थुंकला.

"काका, आता कोल्हासुद्धा या द्राक्षांना आंबट म्हणणार नाही."

काका हसले नाहीत. फीत बांधली त्या सकाळीही ते ओळीच्या टोकाला टोपी हातात घेऊन उभे होते.

"एकेचाळीस वर्षं फळ दिलंय हिने."

"म्हणून तर मुळं ठेवतेय. उपटत नाहीये." ती खाली वाकून गेल्या वर्षी न तोडलेल्या, चट्टे पडलेल्या घडांचे वाळके देठ पाहत होती. "काका, हे सगळे मावळतीकडचेच आहेत. पानं तुम्हीच खुडता ना इथली?"

"मग? ऊन नको दाखवायला?"

"ऊन आता न दाखवताच घरात घुसतंय!"

काकांनी एक वाळका देठ बोटांत धरून पाहिला. मग काका म्हणाले, "म्हणजे हिला मीच भाजली?"

"एकट्या तुम्ही नाही. पण हात तुमचाही आहे." तिचा आवाज खाली आला. "एक हंगाम थांबते. ही ओळ तशीच राहील. अट एकच, पानाला हात लावायचा नाही."

जुलैत एका दुपारी काका आले. हात सवयीने वर गेला. तीन पाने खुडली गेली, तेव्हा ते भानावर आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि ती पाने खिशात घातली. संध्याकाळी पुतणीने विचारले, "खिसा हिरवा कसा हो काका?"

"धुवायला टाकतो," ते म्हणाले.

यंदा माझी तोडणी गेल्या वर्षीपेक्षा सहा दिवस उशिरा झाली. चट्टे फार थोडे पडले. बिया तपकिरी झाल्या. आंबटपणा मात्र हवा तेवढा टिकला नाही. सावलीने भाजणे थांबले, तहान थांबली नाही. विहिरीचे पाणी तीन पायऱ्या खाली गेले आहे.

मित्रांनो, ज्यांनी मला जपले त्यांच्याच हातून मी भाजले, याचे मला दुःख नाही. काकांची माया खरी होती, फक्त ती जुन्या हवेची होती. तुम्ही एखादे झाड लावाल, तेव्हा आजोबांनी काय केले ते जरूर विचारा. पण त्याच्या पानाखाली हात घालून आजचे ऊनही पाहा.

माझा रस सध्या वेगळ्या पिंपात आहे. चव वसंतात घेतली जाईल, मग माझे काय ते ठरेल. नव्या जातीच्या कलमकाड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड खोलीत ठेवल्या आहेत.

आज सकाळी सात वाजता पुतणी आली. फीत सालीत रुतली होती. तिने ती सोडली, खोडावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा बांधली. या वेळी जरा सैल.