बाटलीतला वास

हणमंताच्या अंगाचा तिळपापड झाला होता. का नाही होणार? निजामी अंमलातलं नांदेड, सगळं शिकणं उर्दूतून, त्यातून कसाबसा रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेपर्यंत पोचलेला भोयाचा पोरगा. आणि शेषेराव मास्तर नाकाला रुमाल लावून सगळ्यांदेखत म्हणाले, "बाहेर हो रे! मासळी विकून तसाच आलास का? परीक्षकसाहेबांना मळमळून राहिलं."

पोरं फिदीफिदी हसली. हणमंताची माय केवळाबाई गोदावरीच्या घाटावर मासे विकायची, हे खरंच. पण पोरगा पहाटे दोनदा अंग घासून आला होता, मेल्यांनो! आता बाहेर गेला की साल बुडालं, अन् पुन्हा फी भरायची मायची ऐपत नव्हती.

"मास्तर, वास माझा न्हाई. ह्या बाटलीचा हाय." ओळखायला दिलेली बिननावाची बाटली त्यानं पुढं सरकवली. बूच ढिलं होतं.

"अन् त्यात काय हाय, ते तू सांगणार?"

"सकाळपासून तेच तपासून राहिलो. ट्रायमिथिलअमाइन!" हणमंताचा आवाज चढला. "अमोनियात नायट्रोजनला तीन हायड्रोजन. एकाच्या जागी मिथिल बसला की मिथिलअमाइन, दोघांच्या जागी डायमिथिल. हितं तिन्ही गेलेत. शिळ्या माशातबी हेच असतंय."

"पोपटपंची पुरे. नीघ!"

हैदराबादेहून आलेले परीक्षक मात्र जवळ सरकले. हणमंतानं बूच गच्च दाबलं. बाटलीतून आधीच काचेच्या नळीत काढलेल्या थेंबांनी लाल लिटमस निळा करून दाखवला, मग त्यात आम्ल ओतलं. "आता हुंगा, साहेब. माय माशाला चिंच चोळते ती उगं न्हाई. आंबट पडलं की अमाइनचा क्षार होतो, अन् त्याला वास नसतो."

परीक्षकांनी हुंगलं. "वाकई, बिलकुल बू नहीं."

"हातचलाखी हाय!" मास्तर ओरडले.

"असं व्हय?" हणमंतानं रागारागानं नळीत आम्ल मारणारा कॉस्टिक सोडा ओतला. वास भपकन परत आला. मास्तरांनी नळी हिसकावली, ती हिंदकळली, अन् निम्मी त्यांच्याच शेरवानीच्या बाहीवर सांडली.

परीक्षकांनी हणमंताच्या नावापुढं मार्क टाकले, मग रुमाल काढून नाकाला लावला. "मास्टरसाब, आप जरा बाहर तशरीफ ले जाइए."

हणमंतानं स्वतः जाऊन दार उघडलं, अन् मास्तर गेल्यावर आतून कडी लावून घेतली.