नाव टाकायचं यंत्र

दीडशे किलोंचं लेझर यंत्र टेम्पोतून खाली उतरलं आणि आरमोरीच्या इतिहासात एक नवं पर्व सुरू झालं. ते दुकानाच्या दारात अडकलं आणि तिथेच थांबलं. यंत्र तीन इंच जास्त रुंद होतं की दार तीन इंच जास्त अरुंद, यावर हमाल दसरू आणि दुकानाचा मालक सोमाजी खोब्रागडे यांच्यात दहा मिनिटं चर्चा झाली. यंत्र कापता येण्यासारखं नसल्यामुळे शेवटी चौकट कापली.

"दाराचं माप घेतलं नोतं का जी?" दसरूने करवत खाली ठेवत विचारलं.

"बाकी सगळ्याचं घेतलं होतं," सोमाजी म्हणाला.

हे खरं होतं. नागपूरच्या प्रदर्शनात यंत्र विकणाऱ्या तरुणाने त्याला एक छापील कागद दिला होता. पहिलं यंत्र घेण्याआधी विचारात घ्यायच्या गोष्टी त्यात होत्या. सोमाजीने त्यांचा विचार सहा महिने केला. दोन हजार सातचा तो उन्हाळा. दिवसातले दहा-दहा तास वीज जायची. म्हणून त्याने भाड्याने जनरेटर ठरवून ठेवला. यंत्राच्या काचेच्या नळीला थंड पाणी लागतं, म्हणून मासोळी बाजारातल्या बर्फवाल्याशी बोलून ठेवलं. धूर बाहेर न्यायला खिडकीतून पत्र्याचा पाइप काढला. मागच्या घरातल्या बाईने त्या पाइपवर ओढणी वाळत घातली, तेव्हा तिच्याशी भांडण करून तेही मिटवून ठेवलं. आणि बायकोच्या नावावरचा प्लॉट विकला.

त्या बायकोने, सत्यशीलाने, सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारला होता.

"त्या पोरानं भांड्यावर नाव टाकून दाखवलं का?"

"अवं, अकरा सेकंदात माह्यं नाव टाकलं. पहिले प्लास्टिकवर, मग सागवानावर. सागवान जाळते ते. त्याच्यापुढं भांडं काय चीज आहे?"

सागवान जाळणाऱ्या गोष्टीबद्दल जंगलमुलखातल्या माणसाला जो आदर वाटतो, तो दोघांनाही वाटला. सत्यशीलाने सही केली.

सोमाजी सव्वीस वर्षं भांड्यांवर नावं टाकत होता. तालुक्यात लग्न असो की विहारातलं भोजनदान, पंगतीसाठी घराघरांतून ताटं, पाण्याचे गुंड, पराती गोळा होत. धुऊन झाल्यावर त्यांचा एकच ढीग पडे, आणि त्यातून प्रत्येक भांडं सोमाजीच्या अक्षरावरून आपापल्या घरी जाई. नाव टाकायच्या विजेच्या पेनात सुईने थरथरायचं असतं आणि हाताने स्थिर राहायचं असतं. मागच्या दिवाळीपासून दोन्ही थरथरत होती.

हे सत्यशीलाला ठाऊक होतं. ती त्याला चहा अर्धाच कप ओतायची आणि दुसऱ्यांदा ओतताना दुसरीकडे बघायची. गडचिरोलीच्या डॉक्टरला ठाऊक होतं. त्याने गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढत जाईल असं आगाऊ सांगून टाकलं होतं. गावाला मात्र एवढंच ठाऊक होतं की सोमाजीभाऊ मशीन आणणार आहेत, म्हणून सध्या काम घेत नाहीत.

यंत्र बसल्याच्या तिसऱ्या दिवशी देवराव भोयर पोत्यातून पंचवीस भांडी घेऊन आला. रविवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"मोठं टाका नाव, सोमाजीभाऊ. तिले चार जावा आहेत. आमची गिरजा भांडं इकडचं तिकडं झालं तरी बोलत नाई, रडत बसते. तिनं नुसतं बोट ठेवून दाखवलं पायजे, का हे माह्यं आहे."

"उद्या ये."

"आत्ता होत नाई? लोक म्हणते, अकरा सेकंदात होते."

सोमाजीने एक ताट यंत्रात ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पंखा गर्जला, पाइप हादरला, बारीक लाल ठिपका ताटावर इकडून तिकडे शहाण्यासारखा फिरला. झाकण उघडलं. ताट ठेवलं तसंच स्वच्छ होतं. देवरावने ते उजेडात धरलं, तिरकं केलं, स्वतःचं तोंड त्यात नीट पाहिलं.

"दिसत नाई."

"पहिली खेप आहे. ये उद्या."

देवराव गेल्यावर सोमाजीने ताकद वाढवली. मग वेग कमी केला. मग दोन्ही केलं. संध्याकाळपर्यंत त्याने एकाच ताटावर गिरजाचं नाव चौदा वेळा टाकलं. ताट इतकं चकचकीत राहिलं की भांड्यांच्या दुकानात परत ठेवून नवं म्हणून विकता आलं असतं. शेवटी त्याने पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. त्यावर नाव उमटलं, काळंभोर, कुठेही न हलता. तो बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला.

मग त्याने नागपूरला फोन लावला.

"स्टीलवर? नाही होत काका," विकणारा तरुण आदराने म्हणाला. "ही मशीन लाकूड, प्लास्टिक, रबर, चामडं करते. चमकत्या धातूवरून किरण उडून जाते. पितळ पण नाही, तांबं पण नाही. पुस्तकात तिसऱ्या पानावर आहे ना."

"पुस्तक इंग्रजीत आहे, बाबू."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही जनरेटरचंच विचारून राहिले होते."

सोमाजीने फोन ठेवला. सत्यशीला दारात, कापलेल्या चौकटीला टेकून उभी होती. तिने फळीवरून जुना पेन काढला, त्याची वायर उलगडली आणि प्लगमध्ये घातली. मग खाली बसून एक ताट मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"भोयराले सांगून टाकू का, होत नाई म्हणून?" तिने विचारलं.

"काऊन होत नाई, हे काय सांगशील?"

तिने मांडीवरचं ताट त्याच्याकडे वळवलं.

त्याने उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं आणि सुई टेकवली. पहिल्या अक्षराची वेलांटी ताटाच्या काठापर्यंत निघून गेली. त्याने थांबून श्वास घेतला. सत्यशीलाने ताट आणखी घट्ट धरलं, जणू हलत होतं ते ताटच. देवरावला शनिवारी ये असा निरोप धाडला, आणि पंचवीस भांड्यांना दोन दिवस लागले. पेनचा आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून यंत्राचा पंखा चालू ठेवला होता. येणारे-जाणारे थांबून ऐकत आणि मशीन जोरात चालून राह्यली म्हणत पुढे जात.

शनिवारी देवराव आला. त्याने एक ताट उचललं, मग गुंड, मग परात. नावं सगळ्यांवर होती. पावसात भिजलेल्या कोंबडीने पाय आपटत जावं तशी होती. देवरावने परात खाली ठेवली आणि वेलांटीवरून बोट फिरवलं.

"देवराव," सोमाजी म्हणाला, "हे मी..."

"जाऊ द्या जी," देवराव घाईने म्हणाला. "तुमचा काय गुन्हा? मशीनीचं असंच रायते. आमच्या राइस मिलीत बी नवी मशीन आणली, तांदूळ सारा तुटते. तुमच्या हाताचं अक्षर म्हणजे छापल्यावानी होतं, भाऊ. उगाच नादी लागले."

सत्यशीलाने नवऱ्याकडे पाहिलं. सोमाजीने उजवा हात मांडीखाली सरकवला.

"हो," तो म्हणाला. "सेटिंग हुकली."

देवराव पोतं खांद्यावर घेऊन निघाला आणि दारापाशी वळला.

"गिरजाले ओळखू येईल ना जी एवढं?"

"येईल," सत्यशीला म्हणाली.

गावात पंधरा दिवसांत सगळ्यांना समजलं. सोमाजीच्या हाताबद्दल कोणी वावगा शब्द काढला नाही, आणि मग हातानेच टाकून द्या असंही कोणी म्हटलं नाही. उलट त्याच्या अक्षराची इतकी तारीफ त्याने सव्वीस वर्षांत ऐकली नव्हती. सगळा दोष मशीनचा, असं ठरलं. पुढच्या लग्नसराईत आरमोरीची भांडी नावं टाकायला शेजारच्या वडशाला जाऊ लागली. तिथला माणूस हाताने टाकतो.