दोन तुकड्यांची खोली

"आत या ना रे, दारात का उभे?" धाकट्या बाई म्हणाल्या.

दारातली मुलं हलली नाहीत. दुसरीच्या पलीकडच्या तुकडीची ती मुलं, पाठीवर दप्तरं घेऊन एकामागे एक सरळ रांगेत उभी होती. पुढच्या मुलाने विचारलं, "आमच्या बाई कधी येणार?"

"येतील. बरं नाहीये त्यांना. तोवर तुम्ही इकडे बसायचं."

"तोवर म्हणजे किती?"

धाकट्या बाईंनी पुढच्याच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. हेडसरही कालपासून 'तात्पुरतं' असंच म्हणत होते. "महिनाभर मी ओढलं, आता नवीन शिक्षक मिळेपर्यंत दोन्ही तुकड्या तुम्ही सांभाळा बाई. तात्पुरतं हो." शाळेतलं तात्पुरतं त्यांना चांगलं ठाऊक होतं. मैदानाकडेची पत्र्याची मोरी त्या नोकरीला लागल्या तेव्हापासून तात्पुरतीच होती.

पलीकडच्या तुकडीच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच शाळेत शिकवायच्या, आणि दोघींच्या वर्गांमध्ये फक्त एक भिंत होती. थोरल्या बाई आणि धाकट्या बाई ही नावं मुलांनीच पाडलेली. महिन्यापूर्वी एका सकाळी थोरल्या बाईंच्या हातातला कंगवा खाली पडला. उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. "चालतील हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "बोलण्याचं मात्र सांगता येत नाही."

भिंतीच्या दोन बाजूंना दोन तऱ्हा होत्या. थोरलीकडे बाकांच्या रांगा. ज्याची जागा त्याची, वर्षभर बदलायची नाही. धाकटीकडे बुटकी टेबलं एकमेकांना चिकटवलेली, खिडकीखाली चटई आणि गोष्टींची पुस्तकं, दोरीवर मुलांची चित्रं, आणि गलका.

"तुझा वर्ग आहे की बाजार गं?" थोरली विचारायची.

"आणि तुझी पलटण!" धाकटी म्हणायची.

दोघी हसायच्या. पण ते सगळंच काही हसण्यावारी नव्हतं.

शिपाईमामांनी पलीकडचे बाक आणून टाकले, तशी आलेली मुलं आपणहून मागे रांगा करून बसली. पुढे टेबलांभोवती धाकट्या बाईंची मुलं. एका खोलीत दोन गावं वसली. मधल्या सुट्टीनंतर चटईवरून जुंपलीच.

"चटई आमची आहे!" त्यांच्या वर्गातला एक मुलगा ओरडला. याची बडबड दिवसभर चालू असायची, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत.

"नकोच आम्हाला तुमची घाणेरडी चटई. आमच्या बाई आल्या की आम्ही जाणारच आहोत."

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंनी कंबर कसली. बाक भिंतीकडे सरकवले आणि प्रत्येक टेबलापाशी इकडची दोन, तिकडची दोन मुलं बसवली. खोली भरल्यासारखी दिसायला लागली. स्वतःवर खूश होऊन त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

फक्त एक मुलगी काही केल्या जुळेना. पलीकडच्या तुकडीतली, अंगाने एवढीशी. मुलं तिला मुंगी म्हणत. तिची पाठ फळ्याकडे होती. पुस्तक उघडायला सांगितलं तरी ती उघडायची नाही. इतरांचं पाहून मग घाईघाईने पानं उलटायची. बाईंनी एकदा, दोनदा, तीनदा हाक मारली. शेवटी जवळ जाऊन खांदा हलवला.

"किती वेळा हाक मारायची गं तुला? रुसलीयेस का माझ्यावर?"

मुंगीने वर पाहिलं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते.

संध्याकाळी बहिणीचे केस विंचरताना धाकटीने मन मोकळं केलं. हल्ली ती एकटीच बोलायची. थोरलीच्या वाटचं बोलणंही तीच बोलून टाकायची.

"तुझी ती मुंगी म्हणजे कमालच आहे, ताई. सगळी रुळली, पण ही ऐकतच नाही."

थोरलीने झटकन मान वळवली. "अ... अ..."

"पाणी देऊ?"

मान नाही म्हणाली.

"उशी हवीये? थंडी वाजतेय का? थांब, शाल—"

थोरलीने डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर जोरात चापट मारली. एवढी चिडलेली ताई धाकटीने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. मग तोच हात वर गेला आणि त्याने डावा कान झाकला. मान पुन्हा नाही, नाही म्हणत राहिली.

"कान दुखतोय तुझा?"

नाही.

"मग कुणाचा? मुंगीचा? अगं मी म्हटलं ना, ती ऐकतच—"

धाकटीचा हात कंगव्यासकट थांबला.

"तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही?"

थोरलीने डोळे मिटले आणि होकार दिला.

"म्हणून पुढच्या बाकावर, तुझ्या खुर्चीला लागून बसवायचीस तिला? मला कधी बोलली नाहीस!" मग धाकटीचीच नजर खाली गेली. "मी तरी कुठे विचारलं म्हणा."

शिवणाच्या डब्यातली बटणं काढून तिने ताटात ओळीने मांडली. "ही तुझी पलटण. सांग आता. मी मध्ये बोलणार नाही."

एकेका बटणावर थोरलीचं बोट टेकू लागलं. पहिल्या रांगेतल्या एका बटणाशी तिने डोळे बारीक केले. फळा दिसत नाही. कडेच्या बटणाशी बोट उचलून तिने दार दाखवलं. याला सारखं बाहेर जावं लागतं. दोन टोकांच्या दोन बटणांसाठी तिने मूठ खुर्चीवर आपटली. धाकटीला हसू आलं. "कळलं. ही दोघं जवळ आली की मारामारी!" मधल्या एका बटणावर बोट बराच वेळ राहिलं. मग तिने गालावरून अश्रू ओघळल्याची नुसती खूण केली. घरचं काहीतरी. धाकटीने विचारलं नाही.

रांगा म्हणजे नुसती शिस्त, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. भिंतीपलीकडून तिला फक्त शांतता ऐकू येत होती.

मग धाकटीने आपल्या मुलांसाठी रंगीत बटणं काढून आपल्या वर्गासारखे गोल मांडले. थोरली पाहत राहिली. नाक मुरडेल, असं धाकटीला वाटलं. पण थोरलीने चिमटीत मुंगीचं बटण उचललं आणि एका मोठ्या लाल बटणाच्या शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं.

"हा कोण? रेडिओ?"

थोरलीच्या ओठांची एक कड वर गेली. रेडिओ भिंतीपलीकडेही ऐकू येत असणार.

त्यानंतर खोली पुन्हा हलली. टेबलांचा घोड्याच्या नालेसारखा आकार झाला, कुणाचीच पाठ फळ्याकडे राहिली नाही. प्रत्येकाला आपली अशी एक जागा मिळाली आणि दप्तराला आपली खुंटी. चटई पाळीने. पाळ्या मुलांनीच ठरवल्या, मोडल्या, भांडून पुन्हा ठरवल्या. रेडिओला बाईंनी काम दिलं, आपण सांगू ते मुंगीच्या उजव्या कानाशी सावकाश पुन्हा सांगायचं. तो इतक्या जबाबदारीने बोलू लागला की, उगाच बोलायला त्याला वेळच उरेना. मुंगीची आई एकदा फाटकाशी भेटली. "थोरल्या बाईंना मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. पोरं चिडवतात हो." मग जरा थांबून म्हणाली, "आता घरी येऊन त्या मुलाच्या नकला करते."

एक दिवस हेडसर खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच घुटमळले. "थोरल्या बाईंच्या जागेवर नवीन नेमणूक झालीय. पुढच्या आठवड्यात रुजू होतील. तुमच्या घरी... म्हणजे, तुम्हीच सांगा त्यांना."

धाकटीने ते घरी कसंबसं सांगितलं. थोरलीने ऐकून घेतलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मुलं आठवण काढतात, एकदा चल, असं धाकटीने पूर्वी सुचवलं होतं, तेव्हा वाकड्या झालेल्या ओठांवर पदर ओढून तिने मानेनेच नाही म्हटलं होतं. आज धाकटीने नुसती शाल तिच्या खांद्यावर घातली.

सकाळी ती चहा घेऊन गेली, तर थोरली पलंगाच्या कडेवर बसलेली. बाहेर जायची चप्पल एका पायात होती. दुसरी डाव्या हाताने घालता आली नव्हती.

"शाळेत?"

मान हलली.

"मुलं घाबरतील हो," फाटकाशी हेडसर हळूच म्हणाले. थोरल्या बाई काठी टेकत त्यांच्यासमोरून पुढे गेल्या. शिपाईमामा खुर्ची घेऊन धावले, त्यांनी ती नाकारली.

सगळा वर्ग उभा राहिला. रेडिओसुद्धा गप्प होता. त्या शांततेत कुणीतरी कुजबुजलं, "तोंड बघ, वाकडं झालंय." थोरलीचा हात पदराकडे गेला. मग तो तिने खाली घेतला आणि चेहरा तसाच सगळ्यांसमोर राहू दिला.

तिने खोलीभर नजर फिरवली. तिची मुलं आता रांगेत नव्हती, इथे तिथे विखुरलेली होती. "अ..." ती म्हणाली. पुन्हा, "अ..." धाकटीच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिने गिळले.

थोरलीने डाव्या हाताचं बोट उचलून खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीकडे रोखलं. मुलगी गोंधळली. मग एकदम ताठ होत म्हणाली, "हजर, बाई."

बोट खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. "हजर, बाई." तिथून दाराकडे. "हजर." मुलांच्या लक्षात आलं. हजेरीत आपल्यानंतर कोण ते त्यांना पाठ होतं. बोट वळायच्या आधीच पुढचा सरसावून उभा राहू लागला. मुंगीने तर बोटाकडे टक लावून पाहत, आपली पाळी येताच, सगळ्यांत मोठ्याने हजेरी दिली.

थोरलीची मुलं संपली. बोट मात्र खाली आलं नाही.

"आम्ही पण?" रेडिओने विचारलं.

मान हलली.

"हजर, बाई!" तो ओरडला, आणि मग त्याच्या शेजारची, आणि पलीकडचा. सगळी खोली संपत आली. शेवटी बोट दाराजवळच्या एका मुलीपाशी थांबलं. ती कालच शाळेत आली होती, दप्तर अजून छातीशी धरूनच होती.

"मी नवीन आहे," ती म्हणाली. "माझं नाव अजून हजेरीत घातलं नाहीये."

बोट हललं नाही. थोरल्या बाई थांबून राहिल्या.

मुलीने सगळ्यांकडे पाहिलं, मग त्या बोटाकडे. "हजर," ती हळूच म्हणाली.

थोरल्या बाईंनी हात खाली घेतला.