कुठनं आणलंस

बाळाबाईनं संयोगिताचा टॉवेल दोरीवरून काठीनं उचलला आणि गोठ्यामागच्या कुंपणावर नेऊन टाकला. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. बाळाबाई थोरली जाऊ, त्यातून ऐन तारुण्यात विधवा झालेली. तिला उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती.

कोडोलीत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. त्यात संयोगिताच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. कोल्हापूरला दाखवायला या, असा फोन आला, तो नेमका बाळाबाईनं घेतला. हा नवरा-बायकोच्या संबंधातून होतो, एवढं तिनं खोदून खोदून काढून घेतलं. दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं.

नवऱ्यानं, जोतीरामनं, एवढंच विचारलं, "कुठनं आणलंस?"

तो बाहेर सोप्यात झोपायला लागला. संयोगिताला आधी स्वतःचीच किळस आली. कढत पाण्यानं ती अंग लाल होईस्तोवर घासायची. लेकीच्या डोक्याला तेल लावतानाही तिचा हात आखडायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी जोतीरामलाही आत बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं, की हा विषाणू बहुतेक बायापुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. खेड्यात, शहरात, परदेशातही. बहुतेकांचा आपोआप जातो. ज्या बाईचा राहतो, तिला पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं. कुणाकडून कुणाला आला, किती जुना आहे, हे सांगता येत नाही. संयोगिताला तूर्त धोका नव्हता.

जोतीराम पंख्याकडं बघत बसला होता. लग्नाआधी तो कितीतरी वर्षं ट्रकवर होता. त्या दिवसांबद्दल तिनं त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते घरात सगळ्यांम्होरं सांगा."

त्यानं भिंतीकडेला मावा थुंकला. "बायकांचं दुखणं हाय. त्यात मी काय सांगू?"

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातला तपकिरी ओघळ बघून तिला आता त्याची किळस आली. त्या दिवसापासून तिनं अंग घासायचं सोडलं.

पुढच्या शिबिरात बाळाबाईनंही तपासून घेतलं. काही दिवसांनी ती परसात आली आणि संयोगितासमोर खाली बसली. तिच्याही तपासणीत तोच विषाणू निघाला होता.

"कुणाला बोलू नगंस. मला नवरा न्हाय. लोक मला जित्ती ठेवतील व्हय?"

संयोगिता कुणाला बोलली नाही. डोळे दाखवायचं निमित्त सांगून ती जावेला कोल्हापूरला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आतला खराब भाग जाळून काढला, तोवर संयोगिता जावेचा गार पडलेला हात धरून उभी राहिली. घरी काय सांगायचं, तेही तिनंच पढवलं.

परतीच्या एसटीत बाळाबाईनं खिडकीकडं सरकून जागा केली, सीट पदरानं पुसली. संयोगिता तिच्याजवळून पुढं गेली आणि रिकाम्या सीटवर एकटी बसली.