वगळलेला थांबा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या पडद्यावर अकराही बसचे ठिपके हिरवे होते, म्हणजे सगळ्या वेळेवर, आणि ताई उभ्याउभ्याच चहा पीत त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. ड्रायव्हर मंडळी तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. थोरल्या बहिणीची शाळा केवळ लांब पडते म्हणून सातवीत सुटली, ते हिच्या मनात इतकं सलत राहिलं की चांगली नोकरी सोडून हिनं शाळेच्या बसचा उद्योग काढला. बस कुठे पोचली, मूल चढलं की नाही, सगळं आईबापांना फोनवर दिसायचं. गाडीवाचून एकाही मुलाची शाळा सुटता कामा नये, हा तिचा हट्टच होता.

तेवढ्यात फोन वाजला. सफाई कामगारांच्या वस्तीतून एक बाई बोलत होती. आवाज रडवेला झालेला.

"ताई, माझी पोरगी सात नंबरच्या बसला असते. मी रस्ता झाडून आत्ता घरी आले, तर शेजारीण म्हणते, चार दिवस बस येतच नाही! बाकीची चार पोरं घरी बसली. ही रोज एकटीच चालत जाते, मला सांगतसुद्धा नाही. आज शाळेत फोन केला, तर अजून पोचली नाही म्हणतात."

"हमरस्त्यानं?"

"दुसरा रस्ता कुठला हो?"

ताईनं पडद्याकडे बघितलं. सात नंबरचा ठिपका तर हिरवागार! तिनं घाईघाईनं थांब्यांची यादी उघडली. वस्तीच्या थांब्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पालकांच्या बहुमताने वगळला.

आणि ही सोय कुणी केली होती? तिनंच! रस्ता खणलेला असला तर पालकांनी फोनवरचं बटण दाबावं, निम्म्याहून जास्त जणांनी दाबलं की यंत्रानं तो थांबा गाळून पुढचा रस्ता आखावा. केवढी हुशारी ती! बसच्या छत्तीस घरांपैकी सोसायटीतल्या एकतीस घरांनी बटण दाबलं होतं. उरलेली पाच घरं म्हणजे वस्तीच. त्यांच्याकडे तसला फोनच नव्हता, त्यांना कोण विचारणार? कुणी आवाज चढवला नाही, कुणी भांडलं नाही. चांगल्या घरच्या माणसांनी चहा पितापिता अंगठा टेकवला आणि पाच लेकरं रस्त्यावर आली.

ताईनं स्कूटरची किल्ली उचलली आणि जिना उतरताउतरता सात नंबरच्या ड्रायव्हरकाकांना फोन लावला.

"काका, वस्तीवर का थांबत नाही तुम्ही?"

"ताई, पडदा सांगेल तिथंच वळायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, असं तुम्हीच बजावलंत ना?"

"चुकलंच माझं," ती कशीबशी म्हणाली. "आता बस फिरवा. हमरस्त्यानं सावकाश वस्तीकडे या. पोरगी चालत निघालीय."

रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली होती. ताई एकेक चेहरा निरखत चालली होती. पूल ओलांडला तरी पोरीचा पत्ता नाही. आणि मग दिसली! रस्त्याच्या मधोमध, हातभर रुंद दुभाजकावर, दप्तर छातीशी कवटाळून उभी. अर्धा रस्ता ओलांडून अडकलेली. ना पुढे जाता येत होतं, ना मागे. ट्रक गेला की तिचा फ्रॉक फडफडायचा आणि ती डोळे गच्च मिटायची.

"हलू नकोस गं बाळा!" ताई जिवाच्या आकांतानं ओरडली.

समोरून काकांनी बस आणली आणि सरळ रस्त्यात आडवी घातली. हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. ताई धावली. तिनं पोरीला कवेत घेतलं आणि बसच्या दारापाशी आणलं.

खिशातला फोन केव्हाचा वाजत होता. सोसायटीच्या अध्यक्षीणबाई होत्या; आवाज इतका खणखणीत, की शेजारी उभ्या पोरीलाही ऐकू यावा.

"बस उलटी का फिरली? आमची मुलं आहेत आत!"

"वस्तीतल्या मुलीला घ्यायला फिरवली."

"अहो, आमचं कुणाशी वाकडं नाही. पण त्या मुलांच्या अंगाला वास येतो हो. त्यांना वेगळी गाडी ठेवा ना. नाहीतर मुख्याध्यापक करार मोडतील, सांगून ठेवते."

ही शाळा गेली तर अकरापैकी सहा बस उभ्या राहणार होत्या, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मोडू द्या. वेगळी गाडी मिळणार नाही, आणि ते बटण आज दुपारपर्यंत काढून टाकते. बस वस्तीवर थांबणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी आपली मुलं आपण पोचवावीत."

पोरगी बसच्या पायरीवर चढली आणि तिथंच थबकली. आतून एकतीस मुलं तिच्याकडे बघत होती. तिनं मान वर करून काकांना हळूच सांगितलं, "काका, मी अंघोळ केलीय. रोज करते."

काकांनी तोंड फिरवलं. ताईच्या हातातला फोन अजून चालूच होता. पलीकडे अध्यक्षीणबाईंनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. तुम्ही मात्र ऐकलंत.