संकट अंगावर घेणारे मासे

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे, मासे ठेवायची. सध्या माझ्यात कांदे आहेत. तेही बरे आहेत. निदान त्यांच्याकडून घरात कुणाची काही अपेक्षा नाही.

माझा जन्म स्वारगेटमागच्या एका गाळ्यात झाला. पाच काचा आणि थोडं सिलिकॉन, एवढ्या भांडवलावर मी उभी राहिले. पाणी भरून मला दोन दिवस ठेवलं, मी गळले नाही, आणि कारागीर म्हणाला, "झकास." त्यानंतर माझं इतकं निर्मळ कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही.

मला विकत घेतलं हडपसरच्या रावसाहेबांनी. त्यांच्या उसाच्या जमिनीवर मोठी सोसायटी झाली होती आणि तिच्यातच त्यांना सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता. वास्तूच्या सल्लागाराने सांगितलं, ईशान्य कोपऱ्यात पाणी हवं. खरं तर जमिनीच्या त्याच कोपऱ्यात त्यांची विहीर होती. ती बुजवून वर पार्किंग झालं होतं. म्हणून विहिरीच्या जागी मी आले.

पहिले मासे आठवड्याच्या आत गेले. कारण साधं होतं. नळाचं ताजं पाणी क्लोरीनच्या औषधासकट माझ्यात ओतलं होतं आणि वरून बिस्किटांचा चुरा घातला होता. पण शेवटचा मासा गेला त्याच दिवशी रावसाहेबांची स्कूटर मार्केट यार्डाच्या दारात टेम्पोखाली जाता जाता वाचली. त्यांच्या आई दुर्गाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, तुझ्यावरचं माशानं अंगावर घेतलं."

झालं! तेव्हापासून माझ्यातला एकही मासा घाण पाण्याने मेला नाही. प्रत्येक जण कुणासाठी तरी मेला. एकदा एक मासा गेला आणि घरात काहीच घडलं नाही, तर सगळे अस्वस्थ झाले. शेवटी लिफ्टमध्ये अडकून सुखरूप सुटलेल्या एका पाहुण्याच्या नावावर तो लावला. आता हुतात्म्याच्या पाण्याची चौकशी कोण करणार? मेलेल्यांना हळदकुंकू मिळालं, जिवंतांना स्वच्छ पाणी मिळालं नाही.

माझ्यात काच चाटणारा एक काळा मासाही होता. तो एवढा वाढला की त्याला वळायला जागा उरेना. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण त्यात पुण्य नव्हतं. रावसाहेबांनी त्याला बादलीतून कालव्यावर नेऊन 'मुक्त' केलं, हात जोडले, फोटो काढला. पुढच्या आठवड्यात कालव्याचं आवर्तन संपलं आणि पाणी बंद झालं. ज्यांचा ऊस जन्मभर त्याच आवर्तनावर वाढला, त्यांनाच तारीख आठवली नाही. त्या दिवशी रावसाहेब कालव्याकडून फिरून आले आणि जेवले नाहीत. पाणी चालू राहिलं असतं तर तो जगलाही असता म्हणा, आणि तिथल्या माशांची अंडी खात बसला असता. मुक्तीचे हे दोनच प्रकार मी पाहिले.

मग त्यांची सून राजनंदिनी आली. ती दर रविवारी थोडं पाणी बदलायची. नवं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवायची. मासे मरायचे थांबले. दुर्गाबाईंना याची काळजी वाटू लागली.

"ही आल्यापास्नं एकबी मेला न्हाई. घरावरची पीडा जायची कशी?"

पुढे काही वर्षांनी बाकीचे म्हातारे होऊन गेले आणि एकच उरला, नारिंगी, सुस्त गोल्डफिश. गेल्या वर्षी तो आजारी पडला. पोट फुगलं, खवले उभे राहिले, तो कुशीवर पडून नुसती कल्ल्यांची उघडझाप करू लागला. राजनंदिनीने मीठ घातलेल्या वेगळ्या पाण्यात ठेवून पाहिलं. तिची मैत्रीण नम्रता जनावरांची डॉक्टर. तिने येऊन तपासलं आणि सांगितलं, "हा आता बरा होणार नाही. त्याचा त्रास तेवढा थांबवता येईल."

त्याच आठवड्यात दुर्गाबाईंच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली.

रावसाहेब म्हणाले, "ऑपरेशन होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वेळेवर जाईल तो."

"बाबा, त्याला श्वास घेता येत नाहीये."

"आईला तरी कुठे घेता येतोय?"

 

दुर्गाबाईंची कॉट हॉलमध्ये माझ्यासमोरच होती. त्या उशांना टेकून धापा टाकायच्या, इकडे तो. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असायचे. एका दुपारी त्यांनी विचारलं, "नंदिनी, ह्यो सुटंना का गं?"

"तुमच्यासाठी थांबवलाय, आजी."

 दुर्गाबाईंनी मुलाला हाक मारली.

"रावसाहेब, बोटभर माशाच्या जिवावर मला जगवतोस व्हय? सोडव त्याला."

"आई, मग कालव्यात नेऊ का?"

"कालव्याचं ठाव हाय मला."

"मग संडासात टाकून पाणी..."

"तुला टाकू का संडासात?"

राजनंदिनीने नम्रताला फोन लावला. दुर्गाबाईंच्या दाढेसाठी आणलेली लवंगेच्या तेलाची बाटली घरात होतीच. एका डब्यात माझंच पाणी घेऊन मासा त्यात ठेवला. तेल थोड्या कोमट पाण्यात खूप हलवून मिसळलं आणि ते हळूहळू डब्यात सोडलं. तो आधी मंद झाला, मग झोपला. तो गाढ झोपल्यावर नम्रताने फोनवर सांगितलं तेवढं आणखी घातलं. कल्ले थांबल्यावरही राजनंदिनी बराच वेळ डब्याजवळ बसून राहिली. रावसाहेब पाठ करून बाल्कनीत उभे होते. मासा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. हळदकुंकू वाहिलं नाही. दुर्गाबाईच नको म्हणाल्या.

ऑपरेशनला गेलेल्या दुर्गाबाई परत आल्या नाहीत.

दहाव्याला आलेल्या नातेवाइकांनी हिशेब लगेच जुळवला. "मासा आधीच घालवला ना सुनेनं! तो असता तर..." राजनंदिनी चहा देत होती. तिने ऐकलं आणि ट्रे पुढे नेला. रावसाहेबांनी आपला कप उचलला. मला रिकामी करून बाल्कनीत ठेवलं आणि माझ्यात कांदे आले.

पुढे एका सकाळी रावसाहेब कांदे घ्यायला आले. राजनंदिनी कुंडीला पाणी घालत होती. ते वाकले आणि तसेच थांबले.

"त्या माशाला शेवटी दुखलं नाही ना गं?"

"नाही बाबा. झोपेतच गेला."

"आईलाही भूल दिली होती."

"हो."

"म्हणजे तिलाही..."

"नाही कळलं काही, बाबा."

त्यांनी दोन कांदे उचलले. मग एक परत ठेवला, आणि नंतर पुन्हा उचलला.

"लोकांचं मनावर घेऊ नकोस. मासा होता तो. त्याच्या आजाराने गेला," असं म्हणून ते आत गेले.

मित्रांनो, माझ्यातून इतके मासे गेले, पण एखादा स्वतःच्या आजाराने गेला असं कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तुम्ही मासा आणलात तर त्याला स्वच्छ पाणी द्या. नकोसा झाला तर दुकानात परत द्या, नाहीतर पाळणाऱ्या माणसाला द्या, पण नदीकालव्यात सोडू नका. बरा होणार नसेल तर घरातल्या मोठ्यांना सांगून डॉक्टरांना विचारा, आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसा. तुमची संकटं मात्र तुमच्याजवळच ठेवा. माझी काच फक्त पाच मिलिमीटर जाडीची आहे.