दुसऱ्यांच्या गावचं पाणी

मित्रांनो, मी फिरकीचा तांब्या आहे. माझ्या तोंडावर आट्यांचं झाकण आहे. ते घट्ट फिरवलं की मला उलटा धरा, पाण्याचा थेंब सांडणार नाही. नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि मला प्रवासाला जन्माला घातलं.

पण गंमत पाहा. मी कुंदाबाईंच्या लग्नात आलो, आणि कुंदाबाई काही प्रवासाला निघेनात! त्या जळगावच्या टेलिफोन कचेरीत काम करत. खांडवा जोडून दे, इंदूर जोडून दे, असं दिवसभर चालायचं. आवाज गावोगाव जायचे, बाई मात्र संध्याकाळी पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत परत. पती लवकर गेले, लेक धुळ्याला नांदायला गेली. बाहेर जायचं म्हटलं की सोबत हवी, आणि सोबत काही जमायची नाही.

मी मात्र भरपूर फिरलो. गल्लीत कोणीही गावाला निघालं की आधी कुंदाबाईंच्या दारात. "अक्का, तांब्या दे वं!" मागून नेलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. म्हणून जो तो मला तिथल्या नदीच्या पाण्याने भरून आणायचा. नाशिकहून गोदावरी आली, प्रकाशा गावाहून तापी आली. बाई तळहातावर एक घोट घेत, उरलेलं तुळशीला घालत. ओंकारेश्वरहून कोणी आलं, की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

"नर्मदानं पात्र किती रुंद शे?"

कोणी म्हणे तापीएवढं, कोणी म्हणे पलीकडचा काठच दिसत नाही. बाई पुढच्या माणसाला पुन्हा तेच विचारत. मला फार वाईट वाटायचं. मी पाहिली होती ना ती नदी! पण तांब्याला सांगता कुठे येतं?

आणि मग शेजारच्या निंबाने घोळ घातला. तो ओंकारेश्वरहून आला, मला पुढे केलं आणि ऐटीत म्हणाला, "ल्या अक्का, नर्मदामाय!" बाईंनी डोळे मिटून घोट घेतला, आणि डोळे उघडले.

"निंबा, नर्मदामा ब्लिचिंग पावडर कोन टाकस रे?"

निंबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अक्का, घाटवर भलती गर्दी व्हती. इसरी गऊ. मंग भुसावळना नळवर भरी लिधा."

बाई पोट धरून हसल्या. मलाही झाकणापर्यंत हसू आलं. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या शब्दावर हात जोडत आलो, हे त्यांना त्या नळाच्या पाण्याने दाखवलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा मागितली. मी डब्याच्या पिशवीतून ऐकत होतो.

साहेबांनी विचारलं, "कुंदाबाई, लग्न कोणाचं?"

"कोणाचंच नाही."

"मग तब्येत बरी नाही का?"

"चांगली आहे साहेब. नदी पाहायची आहे."

साहेबांनी चष्मा काढून पाहिलं आणि सही केली.

पहूरहून धाकटा भाऊ लीलाधर धावत आला. "ताई, एकली कशी जाशी? दिवाळीनंतर मी येस ना संगे."

"गयी दिवाळीले बी तू हाईच सांगेल व्हतं," बाई म्हणाल्या आणि मला घासायला बसल्या. त्यांनी चिंच लावून लावून मला असं लखलखीत केलं, की मी लाजलोच.

खरं सांगू? खांडव्याला ओंकारेश्वरकडच्या छोट्या गाडीसाठी उतरल्यावर बाई घाबरल्या. समोर जळगावकडे जाणारी गाडी उभी होती. मला घेऊन त्यांनी त्या गाडीकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. आता या परत फिरणार, या विचाराने माझं पाणी पाणी झालं. शेजारच्या बाईने विचारलं, "अकेली हो, बहनजी?"

कुंदाबाई वळून म्हणाल्या, "हां. अकेली."

बोलून झाल्यावर त्या मला घेऊन बाकावर बसल्या. जळगावची गाडी निघून गेली, आणि आम्ही राहिलो.

नर्मदेच्या घाटावर त्या पायरीवर बसल्या आणि नुसत्या पाहत राहिल्या. मला भरायचंसुद्धा विसरल्या! मी मुळीच रागावलो नाही. ऊन कलल्यावर त्या ओंजळीने पाणी प्यायल्या, मग त्यांनी मला बुडवलं.

घरी आल्यावर पहिला घोट निंबाला मिळाला. "पी. वास येस का पाहाय." निंबा कान धरून प्यायला.

पुढे प्लास्टिकच्या वॉटरबॅगा आल्या. माझी विचारपूस कमी झाली. माझ्या पोटाला पोचे आहेत, कल्हईही विटली आहे. तरी परवा गल्लीतल्या वच्छलाबाई दारात आल्या. "अक्का, आमी ओंकारेश्वरले जाई ऱ्हायनूत. नर्मदानं पात्र किती रुंद शे वं?"

"जाय, पाहाय," कुंदाबाई हसून म्हणाल्या. "पन तांब्या भेटाव नही. तो मनासंगे जाई ऱ्हायना." माझ्यासंगे, म्हणाल्या! आम्ही दोघं पुन्हा निघालोय.

मित्रांनो, तुमच्या घरच्या फळीवर माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला चिंचेने घासा, आट्यांना तेलाचं बोट लावा. शेजाऱ्यांना तो जरूर द्या. पण एकदा तरी तुम्ही स्वतः त्याला घेऊन निघा, सोबत मिळाली नाही तरी निघा. आम्ही असतोच की बरोबर.